लहान मुलांना बाहेर खेळायला काढायचंय, त्यासाठी फोनचाच काही उपयोग होतो का?

चिमणपाऊल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचतेय, लिहायला पहिल्यांदाच बसलेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आणि मुलगी तीन. मुलीचं एक वेळ ठीक आहे, तिला दार उघडं दिसलं की ती सुटतेच. मुलाचं मात्र कठीण झालंय. जागा बदलल्यापासून त्याची जुनी मित्रमंडळी तुटली आणि तेव्हापासून तो पोटावर पालथा पडून टॅबमध्ये डोकं घालून बसतो. बंद केला की रडारड. बरं ओढूनताणून खाली नेलं तर काय करतो माहितीये का, माझा हात धरून उभा राहतो आणि विचारतो, "आता काय करू?" चिडून वगैरे नाही, त्याला खरंच कळत नसतं. ते ऐकून पोटात कालवतं हो, कारण बाहेर आल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सुचवलं की मुलांना बाहेर पळवणारी ॲप्स असतात, 'मिशन' देतात, ते पूर्ण केलं की पॉइंट मिळतात. एक टाकून बघितलं. पहिली दहा मिनिटं काय पळाला, मला वाटलं सापडला बाई उपाय! मग हळूहळू पळणं कमी आणि स्क्रीनकडे बघणं जास्त व्हायला लागलं, एकदा तर खाली मान घालून चालता चालता झोपाळ्याच्या खांबावर आदळला. आणि त्या दिवसाचे पॉइंट संपले तसा म्हणाला, "झालं, चल घरी." म्हणजे बाहेर जाऊन पण तो टॅबमध्येच होता.

तर प्रश्न असा की ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी कुणी फोन, कॅमेरा, काहीही वापरून त्यांना खरंच बाहेर रमवलंय का? स्वतः करून बघितलेलं सांगा प्लीज. आणि एक विनंती, "आमच्या लहानपणी आम्ही..." हे नको, तेव्हा खाली उतरलं की दहा पोरं आधीच खेळत असायची, आता ती नाहीयेत, तिथूनच तर सगळा घोळ आहे.

---

बालवाडीताई

चिमणपाऊल, तुझा मुलगा जे विचारतो ना, "आता काय करू", ते मी दरवर्षी ऐकते. गेली बरीच वर्षं याच वयाच्या मुलांबरोबर काम करतेय. त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. टॅबवर पुढची गोष्ट आपोआप समोर येते, मैदान मात्र गप्प बसून असतं, तिथे सुरुवात आपण करायची असते आणि त्या सुरुवातीपुरतीच मदत लागते.

माझा नियम एकच, फोन मोठ्या माणसाच्या हातात, मुलाच्या हातात फक्त प्रश्न. एक उदाहरण नीट सांगते कारण हे मी स्वतः खूपदा केलंय. आदल्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी मैदानात फिरून फोनवर पाच आवाज रेकॉर्ड केले. झोपाळ्याची साखळी कुरकुरते तो, वाळक्या पानांवर पाय पडतो तो, नळ अर्धवट सोडून बादलीत थेंब पडतात तो, चेंडू भिंतीवर आपटतो तो, आणि कुंपणाच्या गजांवरून काठी ओढत नेली की जो खडखडाट होतो तो. प्रत्येक दहा सेकंदांचा, बस. दुसऱ्या दिवशी मुलांना झाडाखाली गोळा केलं, फोन पालथा ठेवला म्हणजे स्क्रीन दिसायलाच नको, आणि पहिला आवाज लावला. एरवी एक मिनिट गप्प न बसणारी मुलं श्वास रोखून ऐकत होती. एकाने हळूच विचारलं "परत लाव", परत लावला, आणि मग जी धूम ठोकली सगळ्यांनी! साखळी सापडेपर्यंत त्यांनी फाटक हलवून बघितलं, घसरगुंडी बडवून बघितली, डब्याचं झाकण वाजवून बघितलं, प्रत्येक वेळी माझ्याकडे पळत येऊन "हाच का? हाच का?" आता यात स्क्रीन किती वेळ होती सांगा बरं. एक सेकंदही नाही.

तिसऱ्या चौथ्या दिवशी एक मुलगी मला म्हणाली, ताई तू डोळे मिट, मी आवाज करते तू ओळख. तिने दगडावर दगड घासला. मग सगळेच आवाज शोधायला पांगले आणि फोन माझ्या पर्समध्ये गेला तो बाहेर आलाच नाही. नेमकं हेच हवं असतं बघ. तीन वर्षांच्या मुलीलाही हा खेळ जमतो, तिला फक्त दोनच आवाज दे आणि दोन्ही जवळच्या जवळचे.

अजून एक, हे अगदी सोपं आहे. सकाळी एका जागी मुलाला उभं करून त्याच्या सावलीचा फोटो काढ, दुपारी नाही जमलं तरी चालेल पण संध्याकाळी तिथेच उभं करून परत काढ. दोन फोटो शेजारी शेजारी दाखव. सावली एवढी लांब कशी झाली आणि या बाजूची त्या बाजूला कशी गेली, यावर मुलं अक्षरशः भांडतात. मग खडूने सावली आखायची, तासाभराने येऊन बघायचं की ती हलली का, हे सुरू होतं. दर तासाला बाहेर जायला कारण मिळतं.

आणि वेळेचं टेन्शन घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलंय त्यात ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी, आणि बसून स्क्रीन बघणं १ तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं, असं आहे. १८० आकडा मोठा वाटतो पण तो दिवसभरात वाटून आहे, जिना चढणं, नाचणं, घरभर पळणं सगळं त्यात धरतात. बाहेरची सलग दोन तासांची शिक्षा करायची गरज नाही, वीस मिनिटं दोनदा असं सुरू कर.

---

दोघांचा_बाबा

ताईंना पूर्ण अनुमोदन. मी पॉइंट्सबद्दल लिहितो कारण त्यात मी चांगलाच पोळलोय.

मोठ्याला पावलं मोजणारा बँड बांधला होता, तेव्हा तो सहाचा होता. रोज अमुक पावलं झाली की कपाटावरच्या तक्त्यावर एक स्टार, सात स्टार झाले की बक्षीस. पहिला आठवडा मस्त गेला. दुसऱ्या आठवड्यात बघतो तर हा सोफ्यावर बसून हात गदागदा हलवतोय, बँडला वाटतंय पोरगा पळतोय. मी रागावलो तर रडायला लागला, म्हणाला, "पण आकडा तर झाला ना बाबा." त्याचं बरोबरच होतं, मीच त्याला आकडा मागितला होता, खेळ कुठे मागितला होता.

नंतर यावर वाचत बसलो तेव्हा १९७३ चा एक प्रयोग सापडला, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली ३ ते ५ वर्षांची मुलं घेतली, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल, काहींना न सांगता शेवटी अचानक तेच दिलं, आणि काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं आपणहून स्केचपेनकडे जाण्याचा वेळ बाकीच्यांच्या साधारण निम्म्यावर आला होता. अचानक मिळालं त्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. हे वाचलं आणि त्याच रात्री तक्ता काढून टाकला.

मोठ्या माणसांचंही फार वेगळं नाही. २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा बाहेर फिरून खेळायचा फोनवरचा खेळ आला तेव्हा सगळे रस्त्यावर उतरले होते, त्यावर त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अभ्यास आला, पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची पावलं दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत परत पहिल्यासारखी. तरुण मंडळी होती ती, १८ ते ३५ ची. आणि ते १०,००० पावलांचं जे सगळीकडे ऐकतो ना, तो आकडा १९६५ मध्ये जपानात निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, 'मानपोकेई' म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. पाच वर्षांच्या पोराच्या गळ्यात तो कशाला बांधायचा.

आता काय करतो ते सांगतो. स्लो मोशन! बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेता येतात, म्हणजे नेहमीच्या ३० च्या वेगाने लावलं की आठपट हळू दिसतं. पाऊस थांबल्यावर डबक्यात उडी मारतानाचा एक व्हिडिओ घेतला, फक्त एक, आणि घरी जाऊन हातपाय पुसल्यावर दाखवला. बाहेर असताना दाखवायचाच नाही हे मी ठरवून ठेवलंय, नाहीतर पोरं फोनभोवती गोळा होतात. बूट पाण्याला टेकला की आधी पाणी खाली दबतं, मग कडेने मुकुटासारखं वर येतं, आणि मग मधोमध एक थेंब सरळ उभा राहतो. धाकटी तो थेंब बघून म्हणाली, "तो कुठे गेला मग?" दुसऱ्या दिवशी तो थेंब डोळ्यांनी बघायला दोघं खाली. दिसत नाही तो, फार पटकन जातो, पण तासभर उड्या मारल्या त्यासाठी. मोठ्याने मग विचारलं की पळताना दोन्ही पाय एकाच वेळी हवेत असतात का. मला इतका आनंद झाला ना, कारण हाच प्रश्न घोड्याबद्दल लोकांना पडला होता आणि १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून तो फोटोंनी सोडवला, पळताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात. आम्ही पण सोडवला. असतात हवेत! लेकाने स्वतःच्या पळण्याच्या व्हिडिओवर बोट ठेवून दाखवलं.

---

साधीवाट

मी जरा वेगळं म्हणणार आहे, राग मानू नका. आमच्या मुलीला फोन खिशातून निघालेला दिसला तरी पुरतो, मग झाड नको, वाळू नको, "मला दे" एवढंच. वरचे सगळे उपाय छान आहेत पण तिच्यासाठी नाही चालले. आम्ही शेवटी दोघांचेही फोन घरी ठेवून खाली जायला लागलो. पहिले चार दिवस ती कंटाळली, खूप कंटाळली, पायरीवर बसून राहिली, आणि मी काहीही सुचवलं नाही, शेजारी बसून राहिलो. पाचव्या दिवशी पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघायला उठली. त्या कंटाळ्याला वेळ द्या असं माझं म्हणणं आहे. आणि आईबाबा बाकावर बसून स्वतःच्या मोबाईलमध्ये असतील तर मूल कितीही खेळलं तरी मध्येमध्ये वळून बघतं की कुणी बघतंय का, ते मी रोज बघतो, फार वाईट वाटतं.

---

बालवाडीताई

साधीवाट, अगदी पटलं. काही मुलांना फोनचं दर्शनही नको असतं, त्यांच्यासाठी आवाज एखाद्या छोट्या स्पीकरवरून लावायचे, फोन बॅगेत. किंवा सिम नसलेला जुना फोन फक्त कॅमेरा म्हणून ठेवायचा, गेम नाहीत, नेट नाही, मुलाला पण कळतं की यात काही मिळत नाही. आणि नोटिफिकेशन बंद करायला विसरू नका, आवाज ऐकताना मध्येच मेसेज वाजला की सगळी जादू जाते.

---

नजरेचं_काम

मी डोळे तपासण्याचं काम करते, चष्म्याचा नंबर काढायला येणारी मुलं दिवसेंदिवस लहान होत चाललीत म्हणून या विषयात जीव अडकलाय.

बाहेर जाण्याने डोळ्यांना होणारा फायदा पळण्यापेक्षाही उजेडाशी जास्त जोडलेला दिसतो. घरात दिवे लावूनही उजेड काहीशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास असतो, बाहेर स्वच्छ दिवशी सावलीतसुद्धा हजारो लक्स, उन्हात तर लाखापर्यंत. तेज उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोळा लांबत जाण्याला (तो लांबला की लांबचं धूसर दिसतं) आळा बसतो असं मानतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही शाळांमध्ये रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला, बाकीच्यांत नाही. तीन वर्षांनी ज्यांचा तास वाढवला होता त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं आणि दुसऱ्या गटात ३९.५ टक्के. नंबर लागूच नये म्हणून हे जास्त उपयोगी आहे, एकदा लागला की थांबवायला तितकं नाही.

म्हणून चिमणपाऊल, बाहेर जाऊन मुलगा पळाला नाही, नुसता माती उकरत बसला तरी तो वेळ वाया गेला असं समजू नकोस. पण बाहेर नेऊन सहा इंचांवर स्क्रीन धरायला दिली तर उजेडाने जे मिळवलं त्यातलं काही जवळ बघून घालवलं असं होईल. लांब बघायला लावणारे खेळ निवडा. विमान शोध, पतंग शोध, सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर काय बसलंय ते सांग. फक्त सूर्याकडे थेट बघायचं नाही हे आधी शिकवायचं.

---

पानोपानी

लांब बघायचं म्हटलं की पक्षी. आमच्याकडे मर्लिन नावाचं ॲप वापरतो, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, २०२१ पासून त्यात आवाज ऐकून पक्षी ओळखायची सोय आली. आपल्या भागाचा पॅक आधी उतरवून घेतला की नेट बंद असतानाही चालतं. झाडांपानांकिड्यांसाठी सीक नावाचं ॲप आहे, आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदी टाकायच्या साइटवाल्यांचं, त्यात खातं उघडावं लागत नाही म्हणून लहान मुलांसोबत वापरायला मला बरं वाटतं, मूळ आयनॅचरलिस्टवर १३ वर्षांखालच्या मुलांना खातं काढायला पालकांची परवानगी लागते.

पण एक गोष्ट उशिरा कळली ती सांगते. मी सुरुवातीला लेकीने काही दाखवलं की लगेच फोन रोखून नाव सांगायचे. तिला नाव कळलं की ती पुढे चालायला लागायची, त्या किड्याकडे परत बघायचीच नाही! नाव मिळालं, काम संपलं. आता उलटं करतो. आधी ती नाव ठेवणार. एका ढालकिड्याचं नाव तिने 'हिरवा पाटावाला' ठेवलं, का तर त्याच्या पाठीवर पाट ठेवल्यासारखं दिसतं. मग मी विचारते पाय किती, मिशा आहेत का, पंख कुठून सुरू होतात, ती पोटावर झोपून मोजते. फोन सगळ्यात शेवटी, आणि तोही तिनेच "आता विचार" म्हटल्यावर. फोटो हलला तर ॲपला ओळखता येत नाही, मग "थांब रे बाबा, हलू नकोस" असं त्या किड्याला समजावत पाच मिनिटं जातात. एवढा वेळ एका जागी, श्वास धरून, कशासाठी बसते ती एरवी?

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ पासून सुरू आहे, आता जगभर करतात. किमान १५ मिनिटं एका जागी थांबून दिसतील तेवढे पक्षी मोजायचे आणि कळवायचे. पाच वर्षांच्या मुलाला "तू मोजलेले कावळे शास्त्रज्ञ वाचणार आहेत" हे सांगून बघा, छाती कशी फुगते ते. आणि ते खोटं नाहीये.

कुणीतरी जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसने लपवलेली वस्तू शोधायचा खेळ, सुचवेल म्हणून आधीच सांगते. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसची मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिची जागा नेटवर टाकली, तिथून तो खेळ सुरू झाला. मोठ्या मुलांसाठी फार सुंदर. पण फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, झाडी आणि इमारतीत त्याहून जास्त. पाच मीटर म्हणजे चार वर्षांच्या मुलाला अख्खं जग, त्याचा धीर सुटतो. त्यापेक्षा खालच्या बागेतल्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढा, झाडाच्या सालीचा, फाटकाच्या गंजलेल्या बिजागरीचा, बाकाच्या खिळ्याचा, आणि एक फोटो दाखवून "हे कुठे आहे शोध". तीन वर्षांची मुलगी पण शोधेल.

---

चिमणपाऊल

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार. साधीवाट, तुमचं ते वळून बघणारं वाक्य मनाला लागलं, कारण मी पण बाकावर बसून मेल बघत असते.

एक अडचण आहे, मी घरी पोचते तोवर कित्येकदा अंधार पडलेला असतो. मग काय करायचं? आणि सासूबाई मुलाला लोकेशनवालं घड्याळ घेऊन देऊ म्हणतायत म्हणजे खाली गेला तर काळजी नको. घ्यावं का?

---

नातवाचा_आबा

सूनबाई, अंधार ही अडचण समजू नका, अंधारात तर सगळ्यात मोठं खेळणं डोक्यावर येतं. माझं वय ६८, फोन मला नातवाच्या बाबांनी शिकवला, पण आकाशाचा नाद जुना.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावरून जातं ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून, तासाला २८,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने, दीडेक तासात पृथ्वीला एक फेरी. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी दिसतं, कारण खाली आपल्याकडे अंधार पडलेला असतो आणि तिथे वर अजून ऊन असतं, ते ऊन त्याच्यावरून चमकतं. ते रोज दिसत नाही, कधी किती वाजता कुठून निघणार ते फोनवर कळतं. फोनचं काम तेवढंच. आम्ही वेळ बघतो, दहा मिनिटं आधी खाली उतरतो, फोन खिशात, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. नातू पाच वर्षांचा आहे. त्याला सांगून ठेवलंय की लुकलुकणारं दिवेवालं असेल ते विमान, न लुकलुकता शांतपणे सरकणारा तारा असेल ते आपलं. दिसलं की तो ओरडतो "आलं!" आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर पळतो, वर बघत, हात हलवत, मी मागून "पायाखाली बघ रे" म्हणत. चांगलं पूर्ण डोक्यावरून गेलं तर सहा मिनिटांच्या आसपास दिसतं. मग ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि बघता बघता विझतं. ते विझताना तो दर वेळी एकदम गप्प होतो. नंतर विचारतो, "आबा, ते आता कुणाला दिसत असेल?" त्या प्रश्नासाठी मी महिनाभर वाट बघायला तयार आहे.

ढग असतील तर टॉर्च घ्या. मोठ्या माणसाने पानाच्या मागून टॉर्च लावायचा, पानाच्या शिरा दिसतात. भिंतीवर सावल्यांचे खेळ. आणि अंधारात बाहेर जायचं म्हटलं की मुलांना आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटतं, त्याचा फायदा घ्या.

---

दोघांचा_बाबा

घड्याळाबद्दल. साडेपाच वर्षांचं मूल तसंही एकटं खाली सोडणार नाही ना आपण, मग घड्याळ कशासाठी. २०१७ मध्ये जर्मनीने लहान मुलांची, लांबून गुपचूप आवाज ऐकता येईल अशी घड्याळं विकायलाच बंदी घातली, आणि नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने त्याच वर्षी अशी काही घड्याळं तपासली तेव्हा परक्या माणसाला मुलाचं ठिकाण कळू शकेल अशा त्रुटी निघाल्या. घ्यायचंच असेल तर काय माहिती कुठे जाते ते आधी तपासा. आणि हे अगदी कळकळीने सांगतो, बटण सेल असलेली कुठलीही खेळणी तीन वर्षांच्या मुलीच्या हाती लागू देऊ नका, सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना ते बघा. गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

पैसे घालवायचेच असतील तर वॉकीटॉकीची जोडी घ्या. लपाछपीत लपलेल्याने फक्त खुणा सांगायच्या, "मला खरखरीत काहीतरी लागतंय", "माझ्या डोक्यावर पानं आहेत". स्क्रीन नाही आणि मूल बोलायला पण शिकतं.

---

चिमणपाऊल

तीन आठवड्यांनी परत आलेय, सांगायचं होतं.

आवाजाचा खेळ आम्ही लगेच सुरू केला. पहिल्या दिवशी मी तीन आवाज घेतले होते, त्यातला एक नळाचा. मुलगा पाच मिनिटं नळापाशीच उभा, थेंब मोठा केला की आवाज जाड होतो, लहान केला की बारीक, हे त्याने स्वतः शोधलं आणि मला ओढत नेऊन ऐकवलं. "आता काय करू" विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस टॅबवरून रडारड पण झाली, एका संध्याकाळी तर मी हरून टॅब देऊन टाकला. मिशनवालं ॲप काढून टाकलंय. माझा फोन मी आता फक्त रेकॉर्डिंगपुरता बाहेर काढते, मेल वर येऊन बघते.

परवा फोनची बॅटरी नेमकी खाली गेल्यावर संपली. मला वाटलं झालं, आता वर चला. तर हा म्हणाला, "थांब, मीच होतो फोन," आणि बाकामागे जाऊन तोंडाने आवाज काढायला लागला, खर्र खर्र. बहिणीला शोधायचं होतं. ती बिचारी सगळ्या बागेत हात लावत फिरली आणि शेवटी झाडाच्या सालीवर नख ओढून नाचायला लागली, सापडलं सापडलं! पलीकडे दोन मुली त्यांच्या आजीबरोबर बसल्या होत्या, त्या बराच वेळ बघत होत्या, मग हळूच येऊन मोठीने विचारलं, आम्ही पण खेळू?

त्या उद्या संध्याकाळी परत येणार आहेत. पाच आवाज ठरवायचं काम माझ्या मुलाकडे आलंय, आज शाळेतून आल्यापासून तो खाली आहे, मला खिडकीतून बघायला परवानगी आहे पण कान बंद ठेवायचेत. आबा, पुढच्या वेळी स्थानक कधी दिसतंय ते मी पण बघून ठेवलंय, शुक्रवारी आहे, त्या मुलींच्या आजीला पण सांगून आलेय.